उपग्रहाला न दिसलेला डबा

"अवो, येळवशीच्या सकाळी तेवढा माळ्यावरला बिब्ब्याचा डबा काढून द्या. माझी बोरमाळ त्यात हाय."

मंजुश्री हे बोलली तेव्हा तिचे हात पिठात होते आणि तोंड शेगडीकडे होतं, हे एक बरं झालं. महेशकुमारच्या तोंडात चहा होता. तो गिळायचं त्याला सुचेना.

"बोरमाळ? बिब्ब्यात?"

"मग काय कपाटात ठिवू? चोर आला की आधी कपाट बघतंय, मग पिठाचा डबा, मग डाळीचा. बिब्ब्याला कोण हात लावतंय? बिब्बा उतला की बोटं सुजतेत. दिवाळीत भावाकडं गेलते तवा तळाला बोरमाळ ठिवली आन वर बिब्बे भरले." मग जरा थांबून म्हणाली, "आईची हाय ती. आई गेल्यावर तेवढंच राहिलंय माझ्याकडं."

मंजुश्रीचा अंदाज अचूक होता. बिब्ब्याच्या डब्याला हात लावील असा चोर अख्ख्या औराद तालुक्यात नव्हता. नवरा मात्र होता.

महेशकुमार हायस्कुलात भूगोल शिकवायचा. दिवाळीत त्याच्या थोरल्या भावाची मुलगी अंजू कडगंचीच्या विद्यापीठातून सुट्टीला आली होती, तिने काकाला एक नवा खेळ दाखवला. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. कुणीतरी कुठंतरी एक डबा लपवायचा आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकायचे. बाकीच्यांनी फोनवरचा जीपीएस बघत तिथं जायचं, डबा शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं, डब्यातली एक वस्तू घ्यायची आणि बदल्यात आपली एक ठेवायची. अंजूने फोनवर नकाशा उघडला. हैदराबादवर ठिपके होते, पुण्यावर ठिपके होते. औरादवर काहीच नव्हतं. मुलांना इतकी वर्षं अक्षांश-रेखांश शिकवून केस पिकवलेल्या माणसाला हे फार लागलं. जगाच्या खेळात आपला तालुकाच नाही म्हणजे काय?

मंजुश्री भावाकडे गेली होती. माळ्यावर एक घट्ट झाकणाचा डबा सापडला, त्यात बिब्बे होते. महेशकुमारने ते तसेच राहू दिले. उद्या जर्मनीहून कुणी आलं तर त्याला आपल्याकडचं काहीतरी बघायला नको? वर एक छोटी वही, पेन्सिल आणि मराठी-कन्नडमध्ये सुवाच्य अक्षरांत लिहिलेला खेळाचा नियम ठेवला. मग गावाबाहेर कुणाच्या तरी बांधावर दगडांचा ढीग बघून त्यात डबा सारला, फोन काढून जागेची नोंद इंटरनेटवर टाकली आणि शीळ घालत घरी आला. झाडाची, विहिरीची कसलीही खूण त्याने मुद्दाम ध्यानात घेतली नाही. खुणेनं सापडला तर तो खेळ कसला? उपग्रह कशाला आहेत मग?

आता येळवस तोंडावर आली होती. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला इकडची सगळी गावं रिकामी होऊन शेतात जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं उभारून आत दगडांचे पाच पांडव मांडून पुजतात, आणि ज्याला शेत नाही त्याला कुणाच्या तरी शेताचं आवतण असतंच. नटूनथटून जायचा दिवस. मंजुश्री त्या दिवशी बोरमाळेशिवाय घराबाहेर पडणार नव्हती.

त्याच दुपारी पोटदुखीचं कारण सांगून महेशकुमार शाळेतून सुटला तो थेट रानात गेला. आणि तिथं बघतो तर रानच बदललेलं. दिवाळीत ज्वारी घोट्याएवढी होती, चारी बाजूंना उघडं रान दिसत होतं. आता ती डोक्याच्या वर गेली होती, कणसं भरायला लागली होती आणि जिकडे बघावं तिकडे ताटं. बांधामागून बांध, आणि प्रत्येक बांधावर दगडांचे ढीग. या रानात दगडाला कधी दुष्काळ पडला नव्हता.

त्याने फोन काढला. हा फोन म्हणजे मेव्हण्याने वापरून टाकलेला होता. निळा ठिपका आधी ज्वारीत दिसला, मग तळ्यात गेला, मग तळ्यातून बाहेर न येताच गायब झाला. महेशकुमार एका ढिगावर बसून राहिला. बसल्या बसल्या त्याला तेलंगणात स्वागत असल्याचा संदेश आला. थोड्या वेळाने महाराष्ट्राने स्वागत केलं. बूड न हलवता आपल्या कर्नाटकासकट तीन राज्यं झाली, पण डब्याचा पत्ता नाही.

"मास्तर, काय मापायलाव?"

मागे एक म्हातारी उभी होती. हातात खुरपं, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. शेत तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, ग्यानबाचं होतं. ती कलाबाई. तिला सगळे कलाक्का म्हणत.

"काय न्हाई अक्का. उपग्रह तपासायलोय."

"आमच्या शेतात कामून?"

याला काय उत्तर द्यावं? डबा हरवलाय म्हणावं, तर कसला डबा ते सांगावं लागणार. सोन्याचं नाव निघालं की संध्याकाळपर्यंत गुप्तधनाची आवई उठून तीन गावं कुदळी घेऊन येणार, आणि त्यांच्यामागून मंजुश्री येणार. कुदळींचं त्याला तितकं भय नव्हतं.

"इथून बरे दिसतेत," तो म्हणाला.

कलाक्काने आभाळाकडे बघितलं, मग त्याच्याकडे बघितलं आणि खुरपं घेऊन हरभऱ्याकडे गेली. तिला जे समजायचं ते ती समजली होती. शेतात सुशिक्षित माणूस फोन धरून मागेपुढे चालायला लागला की त्याच्यामागून रस्ता येतो, हे तिला शेजारच्या गावावरून माहीत होतं.

रात्री अंजूला फोन लावला. आवाज बारीक होता, दार लोटलेलं होतं.

"काका, त्या फोनवर भरवसा ठिवून तुमी डबा ठिवला?" अंजू म्हणाली. "आता असं करा. चांगला फोन घ्या. क्यामेरा बघू नगा, रंग बघू नगा. दोन फ्रिक्वेन्सीचा जीपीएस हाय का ते इचारा. आपले देशी उपग्रह, नाविक म्हणतेत ते, धरतंय का बघा. आन होकायंत्र आसलंच पाहिजे. काही फोनात नसतंय."

"सापडंल ना गं?"

"फोन बरोबर आसला की तीन-चार मीटरच्या आत नेऊन सोडतंय. पुढं हातानं चाचपायचं."

बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. महेशकुमारला तर दुसऱ्या दिवशी आख्खं दुकान मिळालं. तानाजीच्या मोबाइलच्या दुकानात बाजाराच्या दिवसाची गर्दी होती.

"सर, ह्याचा सेल्फी बघा," तानाजी म्हणाला. "माणूस धा वर्षांनी कमी दिसतंय."

"मी कसा दिसतोय ते नको. मी कुठं हाय ते दिसाया पाहिजे."

"तुमी दुकानात हाव की सर."

"फोनला कळाया पाहिजे ते. ह्यात दोन फ्रिक्वेन्सी हाईत का?"

"दोन सिम हाईत."

"होकायंत्र?"

"टॉर्च हाय," तानाजी जरा दुखावून म्हणाला.

शेवटी महेशकुमारने तीन फोन उचलले आणि दुकानाच्या पायरीवर एका ओळीत मांडले. नकाशा उघडून तिघांसमोर उकिडवा बसला. पहिल्याचा ठिपका हळूहळू चालत समोरच्या बँकेत गेला. दुसऱ्याचा रस्ता ओलांडून भजीच्या गाड्यापाशी थांबला. बाजारकरूंचं कोंडाळं जमलं. कुणाचा निकाल लागायचा आहे असं समजून दोघेजण हात जोडून उभे राहिले. तिसऱ्याचा ठिपका मात्र पायरीवरून हलला नाही. अर्थात तोच सगळ्यांत महाग होता. जुना फोन तानाजीने बदल्यात घेतला, आणि तो तिथंच उभ्या असलेल्या एका ट्रक ड्रायव्हरला देऊनही टाकला. ड्रायव्हर विजयवाड्याला निघाला होता.

घरी मंजुश्रीने नवा फोन उलटसुलट करून बघितला.

"ह्यो कशाला?"

"जनगणनेच्या कामाला लागतोय. शाळेनं सांगितलंय."

"शाळेला खडू मिळंना आन फोन सांगायलेत?" एवढंच बोलून ती भज्जीच्या, म्हणजे येळवशीच्या मिसळभाजीच्या, डाळी निवडायला बसली. खोटं बोलून निभावलं याचा महेशकुमारला आनंद व्हायला हवा होता. पण तिच्या मोकळ्या गळ्याकडे लक्ष गेलं आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नवा फोन मात्र खरोखर गुणी निघाला. त्याने महेशकुमारला नाकासमोर नेलं. बांधावरून, वळणावरून, पाटाच्या कडेने, कुठेही न अडखळता. "डावीकडे वळा," म्हणाला, महेशकुमार वळला. "सरळ जा," म्हणाला, गेला. महेशकुमार जवळजवळ पळायलाच लागला. आणि मग फोन अत्यंत आत्मविश्वासाने म्हणाला की तुम्ही पोहोचलात. महेशकुमारने मान वर केली. समोर ग्यानबाची विहीर होती. दोन पावलं पुढे, बरोबर पाण्याच्या मध्यावर, नकाशावरचा डबा लुकलुकत होता.

तो परत मागे गेला, उत्तरेकडून आला. विहीर. दक्षिणेकडून आला. विहीर. फोन बंद करून चालू केला, कपाळाला लावला, पुन्हा निघाला. यावेळी तर फोनने त्याला आणखी नेमकेपणाने विहिरीत नेलं.

"अंजू, ह्यो फोन मला हिरीत लोटायलाय," तो काठावर बसून फोनवर म्हणाला.



"काका," अंजू हळूच म्हणाली, "डब्याची जागा कोणच्या फोननं लिहून घेतलती?"

"जुन्या."

"मग जुन्यानं खोटी जागा लिहिली व्हती. नवा तुमाला त्या खोट्या जागेवर बरोबर न्यायलाय. त्यात त्याचा काय दोष?"

"मग आता?"

"जुना फोन आना. त्यो किती आन कुठल्या अंगाला चुकायलाय ते कळलं तर काही अंदाज लागंल."

जुना फोन एव्हाना विजयवाड्याच्या वाटेवर, किंवा त्याच्या स्वतःच्या मते कुठल्याही गावाला पोहोचला असेल. महेशकुमारने विहिरीत डोकावून बघितलं. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता, आणि तळाला काही नव्हतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पृथ्वी गोल आहे हे त्याने हजारो मुलांना पटवलं होतं. त्या गोलावरची एक हातभर जागा त्याला सापडत नव्हती. त्याला रडू आलं, आणि रानात कुणी नाही असं समजून तो थोडा रडलाही.

कुणी नाही असं नव्हतं. कलाक्का हरभऱ्यात होती.

पुढचे दिवस तो रोज शाळा सुटली की येऊन ढिगामागून ढीग उपसत राहिला. विंचू सापडले, एक तुटकी कपबशी सापडली. डबा नाही. येळवशीच्या आदल्या संध्याकाळी हात सोलवटून घरी आला तर दारात ग्यानबा बसलेला. मंजुश्री त्याला चहा देत होती.

"सर, उद्या येळवशीला आमच्या शेतात यायचं," ग्यानबा हात जोडून म्हणाला. "कलीनं लई सांगितलंय. मास्तर रोज येतेत, रडतेत, पर तोंडावाटं शब्द काढत न्हाईत. रस्ता आमच्या शेतातून जाणार आसंल, त्यास्नी आमची दया यायली आसंल. जेवू घाला म्हणली. जीप धाडतो."

तो गेल्यावर मंजुश्रीने दार लावलं.

"रोज शेतात जायलाव? रडायलाव?"

"जनगणना," महेशकुमार म्हणाला.

"ज्वारीची?"

त्या रात्री त्याला झोप आली नाही. सकाळी मंजुश्री नवं लुगडं नेसून स्टुलापाशी उभी राहिली. महेशकुमार स्टुलावर चढला. माळ्यावर डोकं घालून त्याने जुनी पिंपं, पाटे, फुटकी सुपं इकडची तिकडे केली. खाली उतरायचं धैर्य होत नव्हतं.

"सापडला का?"

"अंधार हाय."

"नव्या फोनची बत्ती लावा की."

त्याने बत्ती लावली. कबूल करून टाकावं म्हणून तोंड उघडलं, तोच बाहेर जीपचा भोंगा वाजला. थांबायला वेळ नव्हता, आंबील उन्हं चढायच्या आत शेतात पोहोचायला हवी. मंजुश्रीने भज्जीचं पातेलं उचललं.

"सणाला मोकळ्या गळ्यानं न्या मला," ती म्हणाली आणि जीपमध्ये पुढे जाऊन बसली.

शेतात कोप उभारली होती. आत चुन्याने रंगवलेले पाच पांडव होते, केळीची पानं मांडली होती, पिठाचे उकडलेले उंडे, भज्जी, बाजरीच्या भाकरी यांचा वास सुटला होता. कलाक्का मंजुश्रीला ओटी भरायला पुढे आली. हिरवंगार लुगडं, हातभर चुडा, आणि गळ्यात बोरमाळ.

महेशकुमारला वाटलं, आता ही जमीन दुभंगावी. निदान ती विहीर तरी जवळ असावी.

मंजुश्रीने पुढे होऊन माळ निरखली. मग शांतपणे म्हणाली, "अक्का, मधला मणी दाबलेला हाय ना? ल्हान आसताना मी चावलता."

कलाक्काने बोट लावून बघितलं. "व्हय की. तुजी हाय का, लेकी? मला बांधात घावली. पांडवाला दगडं येचायला गेलते तवा डबा घावला. वर लिहिलेलं व्हतं, सुनेनं वाचून दावलं. एक घ्यावं, एक ठिवावं, नाव लिहावं. म्या एक घेतली, माजा पितळी अडकित्ता ठिवला आन डबा व्हता तिथं ठिवून दिला. खोटी आसंल म्हणलं. खरं सोनं कोण बिब्ब्यात ठिवतंय?"

"मी," मंजुश्री म्हणाली. "आन तिथून उचलून बांधावर कोण ठिवतंय?"

आता बोलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. महेशकुमारने सगळं सांगितलं. हैदराबादचे ठिपके, जर्मनीचा पाहुणा, दोन फ्रिक्वेन्सी, विहीर, विजयवाडा. ग्यानबाने मध्येच एकदा, "म्हंजी रस्ता न्हाई?" असं विचारून घेतलं आणि समाधानाने पानावर बसला. कलाक्का उठली, विहिरीच्या पल्याडच्या बांधावर गेली आणि न वाकल्यासारखं वाकून एका ढिगातून डबा काढून आणला. त्याच ढिगावर बसून महेशकुमारने दोन राज्यांचं स्वागत स्वीकारलं होतं.

त्याने डबा उघडला. बिब्बे, अडकित्ता, वही. वहीच्या पहिल्या पानावर सुनेच्या अक्षरात नाव होतं, कलाबाई ग्यानबा, आणि बाजूला शाईचा अंगठा. औराद तालुक्यातला पहिला डबा सापडला होता, आणि तो शोधणारीकडे साधा फोनही नव्हता. अशा वेळीही महेशकुमारला क्षणभर अभिमान वाटला. मग मंजुश्रीची नजर भेटली आणि वाटायचा थांबला.

कलाक्काने बोरमाळ काढली, तिला हळदकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने मंजुश्रीच्या गळ्यात घातली. मंजुश्रीचे डोळे भरले. ती वाकून म्हातारीच्या पाया पडली.

"आसू दे," कलाक्का म्हणाली. "पर बाई, लिहिलेलं ते लिहिलेलं. सणाचा दिवस हाय, पांडव बघायलेत. घेतलं की ठिवावं लागतंय. म्या ठिवलं, तूबी ठिव."

"बरोबर हाय." मंजुश्रीने हात पुढे केला. महेशकुमारने समजून नवा फोन दिला. दुसरं करणार काय?

कलाक्काने फोन हातातही घेतला नाही. "ह्यो नगं. हेच धरून मास्तर इतके दिस फिरलालते ना? डबा बुडाखाली व्हता. आसलं आंधळं घेऊन मी काय करू?"

मंजुश्रीने ओटीतला खण बघितला, भज्जीचं पातेलं बघितलं. मग तिची नजर नवऱ्यावर येऊन थांबली आणि तिथंच राहिली.

"मग हे ठिवून घ्या," ती म्हणाली.

कलाक्काने महेशकुमारकडे वरपासून खालपर्यंत, मग खालपासून वर बघितलं. बाजारात गोऱ्हा बघतात तसं.

"पाखरं राखता येतेत का?"

"शिकतेत. मास्तर हाईत," मंजुश्री म्हणाली. "सकाळी शाळंच्या आदी आन शाळा सुटल्यावर. आईतवारी दिसभर. ज्वारी निघाली की धाडून द्या. घाई न्हाई."

"जेवाण आमच्याकडं," ग्यानबा पानावरून म्हणाला.

महेशकुमारने तिघांकडे आळीपाळीने बघितलं. कुणी हसत नव्हतं. सौदा झाला होता.

दुपार टळली तशी जीप निघाली. मंजुश्री पुढे बसली होती, गळ्यात बोरमाळ, मांडीवर बिब्ब्याचा डबा. तिने मागे वळून बघितलं नाही. महेशकुमार ज्वारीतल्या मचाणावर चढून बसला होता. त्याने फोन काढला. निळा ठिपका ग्यानबाच्या शेतात, बरोबर मचाणाच्या जागी, खिळा मारल्यासारखा उभा होता. त्याने डावीकडे सरकून बघितलं, उजवीकडे सरकून बघितलं. ठिपका तसूभरही चुकला नाही.

"मास्तर," खालून कलाक्का म्हणाली, "मावळतीच्या कोपऱ्यात पाखरं बसल्यात. ते ठिवा आन गोफण घ्या."

त्याने फोन खिशात ठेवला आणि मावळत कुठं आहे ते बघू लागला.